नाव सांगा, गाव सांगा

प्रेमकथेत नायकाने नायिकेचं मनगट धरायचं म्हटलं, तर निदान निम्मी गोष्ट तरी जावी लागते. मध्ये एखादी जत्रा, एखादी छत्री, दोन-तीन रुसवे. इथे ते पहिल्याच मिनिटाला धरलं गेलं. सकाळी सात वाजता, भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यातल्या पुरुषांच्या वॉर्डात, बारा पेशंटांच्या देखत. आणि कामिनी ओरडली नाही, कारण त्याच हातात इन्शुलिनची भरलेली सुई होती.

"कोणाले देऊन राहिले सिस्टर हे?" धरणाऱ्याने विचारलं. आवाज अगदी हळू, पण पकड नांगरावरची.

"तुलारामजींना. नऊ नंबर."

"तुलाराम माझा बाप हाये. तो संडासले गेला. हे धनीरामकाका होत, दहा नंबरचे."

कामिनीने खाली पाहिलं. बाही वर करून, दंड पुढे करून, म्हातारा मोठ्या प्रेमाने हसत होता.

"काका… मी विचारलं ना तुम्हाला, तुलारामजी ना? तुम्ही हव म्हणाले."

"तुमी इचारलं, मी हव म्हणलो," धनीराम म्हणाले. "शिकल्या-सवरल्या माणसाले नाई कसं म्हनाव?"

त्या मुलखात 'हव' म्हणजे होय, पण लोक ते म्हणतात मान म्हणून. डॉक्टरने विचारलं दुखतं का, तर हव. दुखत नाही ना, तरी हव. आणि धनीराम नऊ नंबरच्या पलंगावर गेले होते ते वाऱ्यासाठी. दहा नंबरवरचा पंखा इतका सावकाश फिरायचा, की त्याच्या पात्यावर एका कोळ्याने संसार थाटला, पिल्लं मोठी केली आणि लग्नं लावून वाटेला लावली, तरी जाळं म्हणून तुटलं नाही. वॉर्डातले लोक एकमेकांचे पलंग असे वापरायचे, जशी गावात एकमेकांची ओसरी.

धनीरामांचं दहा वाजता हर्नियाचं ऑपरेशन होतं. रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही, साखरेचा आजार तर नाहीच. अशा माणसाच्या दंडात अठरा युनिट इन्शुलिन… आधी घाम, मग गुंगी, मग फिट. आणि सगळ्यांना वाटलं असतं, म्हातारा ऑपरेशनआधी निवांत झोपलाय.

"मनगट सोडा, भाऊ," कामिनी म्हणाली.

त्याला जणू तेव्हाच कळलं की हातात कोणाचा तरी हात आहे. त्याने चटका बसल्यासारखा सोडला. चार बोटांचे ठसे मात्र दुपारपर्यंत गेले नाहीत.

तुलाराम लंगडत परत आले. कामिनीने त्यांना विचारलं, "तुमचं नाव सांगा." त्यांनी सांगितलं. तिने आणखी एकदा विचारलं. त्यांनी आणखी एकदा सांगितलं, आणि मग मुलाकडे असं पाहिलं, की ह्या पोरीले कमी ऐकू येते का?

सगळ्यात वाईट हे होतं, की तिला माहीत होतं. तिच्या जाडजूड पुस्तकातला तो अगदी सुरुवातीचा प्रश्न. रुग्णाची ओळख कशी पटवावी? नाव आपण उच्चारायचं नाही, त्याच्या तोंडून वदवायचं. परवाच तिने बरोबर उत्तरावर गोल केला होता. शाई वाळायच्या आत हात चुकला.

ते पुस्तक होतं परवाना परीक्षेचं. आखाती देशातल्या मोठ्या इस्पितळात नर्स व्हायचं, तर आधी नागपुरात संगणकासमोर बसून ती परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला हवा, आणि चांगल्या वर्तणुकीचाही. दोन्हींवर सही करणार मेट्रन सुशीलाबाई. तारीख ठरलेली होती, बावीस सप्टेंबर. आंधळगावात तिच्या वडिलांनी, वासुदेवरावांनी, ही बातमी एवढी पसरवली होती की निम्म्या गावाने तिकडून काय आणायचं ते सांगून ठेवलं. कोणाला खजूर, कोणाला अत्तर. पानठेल्यावरच्या धर्मेंद्रने तर उंटाला आंधळगावचं पाणी मानवेल का, याची चौकशी चालवली होती. कामिनीला उंट नको होता. जिथे प्रत्येक खाटेपाशी एक नर्स आणि एक यंत्र असतं, असं इस्पितळ तिला एकदा आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं, आणि तिथे आपल्या हिमतीवर उभं राहायचं होतं.

म्हणून अकरा वाजता, पाण्याच्या टाकीपाशी, तिने तुलारामांच्या मुलाला गाठलं. धनीराम सुखरूप ऑपरेशनला गेले होते.

"भाऊ, ते सकाळचं… कोणाला सांगू नका."

"सकाळी काय झालं?" त्याने पेला भरता भरता विचारलं. "मी तं सिस्टरची नाडी पाहून राहिलो होतो."

"नाडी अंगठ्याने पाहत नसतात."

"म्हणूनच सापडली नाई."

तिला हसू आलं नाही… म्हणजे आलं, पण तिने ते तोंडातच ठेवलं. त्याचं नाव कैलाश, गाव सानगडी. बाप तुलाराम धान रोवण्याच्या दिवसांत बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, काटा रुतवून घेऊन आला होता. साखरेने पाय बधिर झालेले, त्यामुळे काटा आठ दिवस कळलाच नाही. आता रोज ड्रेसिंग, रोज सुई, निदान तीन आठवडे मुक्काम. आई निर्मलाबाई डबा करून घेऊन यायची आणि दुपारभर नवऱ्याच्या पायाशी बसायची. कैलाश बाहेरच्या बाकावर.

बाकावर बसलेल्या माणसाला कामिनीचं पुस्तक दिसायला कितीसा वेळ लागतो? दुपारच्या सुट्टीत ती कडुलिंबाखाली वाचत बसायची. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, मी प्रश्न वाचतो, तुम्ही उत्तर द्या, चालते का? बारावी सायन्सपर्यंत तो शिकला होता. इंग्रजी वाचायचा जपून, बैल पुलावरून नेतात तसा. आणि मग प्रश्नातल्या परदेशी पेशंटांना आपल्या गावात आणून बसवायचा.

कामिनीला एकाच जातीचे प्रश्न यायचे नाहीत. चार पेशंट आहेत, परिचारिकेने आधी कोणाकडे जावं? ती दरवेळी जास्त ओरडणाऱ्याकडे जायची आणि उत्तर चुकायचं.

"तुमचं काम मी करतो गावात," कैलाश म्हणाला. सानगडीच्या तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचं, हे त्याच्याकडे होतं. बापाकडून आलेलं काम. "पाणी सोडाच्या टायमाले चाळीस जण बोंबलतात. जो बोंबलते त्याची बांधी वाळत नसते सिस्टर, त्याच्या अंगात जोर असते. वाळली बांधी चूप असते. मी पहिले चूप असन त्याच्याकडे पाहातो."

कामिनीने पुस्तक मिटलं. नर्सिंगच्या तीन वर्षांत कोणी तिला हे इतकं साधं करून सांगितलं नव्हतं. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, म्हणून तर तो ओरडतोय. भीती बाळगायची ती गप्प पडलेल्याची.

त्या दिवशी दहापैकी नऊ उत्तरं बरोबर आली. त्यावर त्याने आपल्या मनचा प्रश्न घातला.

"चार जण हायेत. एकाचा पाय मोडला. एकाले ताप. एकाचा श्वास अटकून राहिला. आन चौथा… बाकावर चूप बसला हाये, कवाचा. पहिले कोणाले पाहाल?"

"श्वासवाल्याला."

"आन चौथा?"

"चौथ्याला काय झालंय?"

"थे त्यालेच समजून नाई राहिलं."

कामिनीने कडुलिंबाच्या काडीकडे फार लक्ष देऊन पाहिलं. "चौथ्याने रांगेत बसावं," ती म्हणाली. मात्र त्या दिवशी वॉर्डात परतताना ती 'येते कैलाश' म्हणाली. मागचा 'भाऊ' कुठे गळाला, तिला कळलं नाही. कैलाशला कळलं. तो बराच वेळ रिकाम्या बाकावर हसत बसला.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी त्याने दोनशे चौदावा प्रश्न वाचला.

"नर्सच्या हातून चुकीच्या पेशंटले औषध जाता जाता राहिलं. पेशंटले काई झालं नाई. तिनं काय कराव? अ, विसरून जाव. ब, पुढं जपून वागाव. क, मैत्रिणीले सांगाव. ड, लेखी अहवाल देऊन वरिष्ठाले कळवाव."

पानं हलत नव्हती. कामिनी म्हणाली, "ड."

त्याने पान उलटलं नाही.

"काहून वाचला हा प्रश्न?" तिची वॉर्डातली शुद्ध भाषा एका क्षणात आंधळगावला पोचली. "तुम्ही म्हणाले होते, बोलणार नाही."

"मी नाई बोललो. पुस्तक बोललं."

"दाखला अडकला तर? तारीख गेली तर? तुम्हाले काय जाते सांगाले?"

कैलाशने पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "मी जाईन तेच तं सांगून राहिलो. त्या दिवशी मी बाकावरून उठून आत आलो, म्हणून काका वाचले. चार-आठ दिवसांनी बाबाले घेऊन मी जाईन. मग तुमचं मनगट कोण धरन? आन तुमचं जाऊ द्या… बाकीच्या सिस्टरचं?"

ती उठून गेली. दोन दिवस ती कडुलिंबाखाली आली नाही. प्रश्न तिने एकटीने सोडवले, आणि उत्तरं बरोबर येत होती, तेच जास्त टोचत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवीन आलेली नर्स खुशबू थर्मामीटर घेऊन बायकांच्या वॉर्डात गेली. दारातून जाणाऱ्या कामिनीच्या कानावर पडलं, "विमलाबाई ना?" आणि शेजारच्या खाटेवरच्या भलत्याच बाईचा गोड आवाज, "हव." फक्त ताप पाहायचा होता. काही बिघडणार नव्हतं. पण कामिनी दारातच थांबली. आज थर्मामीटर होता. उद्या सुई असेल.

तिने कोरा कागद घेतला. तारीख, वेळ, खाट नंबर, औषध, मात्रा. आपलं नाव. काय केलं, काय करायला हवं होतं.  मग खाली सही केली.

सुशीलाबाईंनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला. त्या एवढ्या कडक होत्या, की त्या व्हरांड्यातून गेल्या तर सलाईनचे थेंबसुद्धा मोजून पडायचे, असं वॉर्डबॉय सांगत.

"सुई टोचली का?"

"नाही मॅडम."

"मग हे कशाला लिहिलं?"

"टोचली असती म्हणून."

सुशीलाबाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग सांगितलं, की चौकशी होईल, समिती बसेल, महिना तरी जाईल. तोवर वर्तणुकीच्या दाखल्यावर सही करता येणार नाही. तारीख कधीची?

"बावीस."

"म्हणजे गेली."

"हो मॅडम."

तिथून ती सरळ दहा नंबरच्या खाटेपाशी गेली. धनीरामांचे टाके निघाले होते, दुपारी ते घरी जाणार होते. तिने त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि हात जोडले.

"म्हणजे मी मेलो असतो?" त्यांनी विचारलं.

"मेले असते, काका."

धनीरामांनी वर त्या रेंगाळणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. मग त्यांनी तिच्या जोडलेल्या हातांवर आपला खरबरीत हात ठेवला. "आता मीही पाहून हव म्हणत जाईन," ते म्हणाले. "तूही इचारत जाय, पोरी."

संध्याकाळी तिने घरी फोन केला. वासुदेवरावांनी ऐकून घेतलं. पलीकडून आंधळगावच्या गोठ्यातली घंटा ऐकू येत होती.

"तो धनीराम कुठचा?" त्यांनी विचारलं.

"तुमसरकडचा."

"लेकरं-बाळं?"

"तीन. नातवंडं हायेत."

"मग ठीक हाये," वासुदेवराव म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी धर्मेंद्रला निरोप दिला, की उंट सध्या राहू दे.

दुसऱ्या सोमवारी वॉर्डाच्या भिंतीवर पाटी लागली. नाव सांगा, गाव सांगा. सुशीलाबाईंचा हुकूम होता. औषध देण्याआधी पेशंटने स्वतः आपलं नाव आणि गाव सांगायचं, नर्सने आपण होऊन नाव घ्यायचं नाही. पेशंट गुंगीत असेल तर जवळच्या माणसाने सांगायचं. इन्शुलिन दोघींनी मिळून तपासायचं. दहा नंबरचा पंखाही दुरुस्त झाला. पहिल्यांदा जोरात फिरला तेव्हा म्हणे कोळ्याची चार पिढ्यांची इस्टेट उडून गेली.

नियमाला पहिला अडथळा आला तो निर्मलाबाईंचा. त्या आठवड्यात तुलारामांना ताप चढला, ग्लानी आली. सकाळी सात वाजता खुशबूने विचारलं, पेशंटचं नाव सांगा. कैलाश औषधं आणायला गेलेला, आणि रात्रभर पायाशी बसलेल्या निर्मलाबाई पदर सावरून गप्प. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं ते लग्नात एकदा आणि हळदीकुंकवाला दोनदा, तेही उखाण्यात. 'थे' म्हणून चालत असताना नाव कशाला झिजवायचं? गाव मात्र त्या चटकन सांगत. सानगडी.

खुशबू रडकुंडीला आली. कामिनी पुढे झाली आणि खाली वाकून म्हणाली, "मावशी, तुम्ही नाव घेतल्याशिवाय मी सुई नाही देणार. कितीही वेळ लागो."

निर्मलाबाईंनी तापलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग भरल्या वॉर्डात, खालच्या मानेने, म्हणाल्या,

"बांधीत झालं रोवणं, चिखल राहिला पायाले,
तुलारामजींचं नाव घेते सुईच्या वखताले."

वॉर्डात आधी कोणी हसलं नाही. ग्लानीतल्या तुलारामांचे ओठ मात्र हलले. बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकून माणूस शुद्धीवर येतो, असं वैद्यकाच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. ताप अँटिबायोटिकनेच उतरला. पण ताप उतरेपर्यंतचे चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, नवा उखाणा व्हायचा आणि शेजारच्या वॉर्डातले पेशंट सलाईनची दांडी हातात धरून तो ऐकायला यायचे.

त्या चार दिवसांत कैलाश आणि कामिनी एकमेकांशी फारसं बोलले नाहीत. खाटेच्या एका बाजूला तो, एका बाजूला ती. पाचव्या दिवशी जखम लाल, ओली, निरोगी दिसली. पाय वाचला होता. पट्टी बांधता बांधता तिने मान वर केली, तर तो जखमेकडे पाहत नव्हता.

"तारीख माझ्याच्यानं गेली," तो म्हणाला.

"तुमच्यामुळे नाही." तिने पट्टीची गाठ मारली. "कैलाश… मनगट धरणारा नेहमी जवळ असावाच लागू नये, म्हणून ती पाटी आहे. पण असला तर वाईट नाही."

बाप घरी गेला, तरी दर बुधवारी तपासायला यायचा होता. कैलाश त्याला एस.टी.ने आणायचा. कधी पिशवीत शिंगाडे, कधी नव्या धानाची लोंबी. ऑक्टोबरात समितीचं पत्र आलं. चूक होता होता टळली, नर्सने स्वतः कळवली, दवाखान्याची पद्धत सुधारली. सुशीलाबाईंनी दाखल्यावर सही केली आणि ते पत्रही सोबत जोडलं. "हे वर राहू दे," एवढंच म्हणाल्या.

नवी तारीख नोव्हेंबरातली. भंडाऱ्याच्या बसस्थानकावर तो सोडायला आला. खिडकीशी उभा राहून म्हणाला, एक प्रश्न राहिला. तिने मान हलवली.

"चौथा अजून रांगेतच हाये."

बस निघाली. उत्तर तिच्या ओठावरच राहिलं. आणि नागपुरात, संगणकाच्या थंडगार पडद्यावर चार पेशंट आले. तिघं कण्हत होते, एक गप्प होता. कामिनीने वाळलेली बांधी पाहिली आणि गप्प असणाऱ्यावर बोट ठेवलं.

ती पास झाली. तिकडच्या इस्पितळाचा करार दोन वर्षांचा.

त्या संध्याकाळी कडुलिंबाखाली कैलाशने हिशेब आपल्या पद्धतीने केला. "दोन वर्षं म्हणजे दोन धान," तो म्हणाला. "मले तलाव सोडून येता नाई येत. तुमाले थांबा म्हणन तं माझी जीभ झडन. जा. तुमच्या हातानं तिकडचे लोक वाचले पाहिजेत." आणि मग, "धान कापून लोक पुन्हा रोवतेतच ना."

  कामिनीने आपलं मनगट त्याच्यापुढे धरलं. त्याने अंगठा बाजूला ठेवून तीन बोटांनी नाडी पाहिली. या वेळी सापडली. फार जोरात चालली होती.

डिसेंबरातला शेवटचा बुधवार. दवाखान्याच्या कचेरीत कारकून भुपेंद्र कामिनीचा परदेशी रुजू होण्याचा फॉर्म संगणकावर भरत होता. बाजूच्या बाकावर निर्मलाबाई आणि तुलाराम, शेवटची तपासणी करून बसलेले. दारात कैलाश, बापाच्या नव्या मऊ चपला हातात घेऊन.

अडीअडचणीला कोणाला कळवायचं? पहिलं नाव वडिलांचं झालं. भुपेंद्र म्हणाला, दुसरं एक लागते. नाव सांगा.

कामिनीने तोंड उघडलं. तेच नाव तिने कडुलिंबाखाली शंभरदा घेतलं होतं, मोठ्याने, रागाने, लाडाने. तिनेच अख्ख्या वॉर्डाला नाव घ्यायला लावलं होतं. आणि आता ते जिभेवर येऊन बसलं ते बसलंच… कानाच्या पाळ्या तापल्या. कचेरीतही लागलेल्या त्या पाटीकडे पाहावं, तर तीही तेच विचारत होती.

"गाव… सानगडी," ती म्हणाली.

"गाव समजलं. नाव?"

दारात एक चप्पल खाली पडली. कोणीच ती उचलली नाही. निर्मलाबाईंनी एकदा त्या चपलेकडे पाहिलं, एकदा कामिनीच्या लाल झालेल्या कानांकडे, आणि हातातली पिशवी सावकाश खाली ठेवली.

"लिहा बापा," त्या भुपेंद्रला म्हणाल्या. "कैलाश तुलाराम. तिच्या तोंडून नाई निघे आता."

भुपेंद्रने टाइप केलं. मग पुढच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "आन नातं?"

निर्मलाबाई हसल्या. "तेच तं सांगून राहिली ना ते पोरगी, कवाची."